ब्रेक दाबला की विझणारा दिवा

त्या गाडीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. सोलापुरात तेव्हा एवढ्यासाठीसुद्धा माणसं थांबून बघायची. गाडी नव्या पेठेतल्या एका कापड व्यापाऱ्यांची. त्यांचा जावई परदेशात डॉक्टर होता. कायमचा परतताना त्यानं ती बोटीनं आणली, पण मुंबईत त्याच्या घराखाली उभी करायला जागा होईना, म्हणून सासऱ्यांकडे पाठवून दिली. आपल्याकडच्या गाडीच्या दीडपट लांब. नव्या पेठेच्या गर्दीत तर ती शिरायचीच नाही. व्यापाऱ्यांना सगळे अप्पा म्हणायचे. अप्पा दुकानातून रिक्षानं मोठ्या रस्त्यापर्यंत जायचे आणि तिथं गाडीत बसायचे. 'अप्पांच्या मोटारीला रिक्षाचं भाडं वेगळं,' असं बाजारात म्हणायचे. अप्पाही हसायचे.

त्या गाडीवर जे ड्रायव्हर होते त्यांच्याविषयी मला लिहायचं आहे, आणि मी त्यांचं काय केलं त्याविषयी. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. मी मुळात कमी बोलतो, घरात सगळे त्याला माझा स्वभाव म्हणतात. त्यातला निम्मा स्वभाव हा आहे.

मी तेव्हा पंचविशीत होतो. आय.टी.आय. करून गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं होतं. पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिशियन' असं इंग्रजीत रंगवून घेतलं होतं आणि रोज सकाळी ती पाटी पुसायचो. अप्पांची गाडी माझ्याकडे यायला लागली तशी बाजारातल्या इतर व्यापाऱ्यांच्याही गाड्या यायला लागल्या. परदेशी गाडीला हात लावणारा पोरगा, असं नाव झालं. त्या गाडीचं माहितीपुस्तक पुढच्या कप्प्यात असायचं. त्यात सगळ्या तारांचे नकाशे होते. मी ते एकदा चाळलं होतं. वाचलं नव्हतं.

ड्रायव्हर सांगोल्याकडचे. चाळिशीचे असतील. आधी ट्रकवर होते. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला मिस्त्री म्हणायचे. त्यांच्या हातापेक्षा पायाचं कौतुक होतं. अप्पांच्या आईला, म्हणजे अव्वांना, सोमवारी सिद्धेश्वराला न्यायचं असायचं. येताना अव्वा तळ्याच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर धरून मागं बसायच्या, आणि घरी पोचेपर्यंत त्यांच्या लुगड्यावर थेंब पडायचा नाही. दुसरा ड्रायव्हर असला तर अव्वा गाडीत बसायच्याच नाहीत. 'त्याला म्हणावं तू बैलगाडी हाक,' असं कानडीत म्हणायच्या आणि मग आम्हाला कळावं म्हणून मराठीतही म्हणायच्या.

आता त्या बटणाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात असताना स्टिअरिंगपाशी एक बटण दाबलं की गाडी तोच वेग धरून ठेवायची. पाय काढून घेतला तरी ती चालत राहायची, चढ आला की स्वतःच जोर करायची. ब्रेकला पाय लागला की ही पकड सुटायची आणि गाडी पुन्हा आपल्या ताब्यात यायची. जावयानं त्याचं नाव क्रूझ कंट्रोल असं सांगितलं होतं. दुकानातले सगळे त्याला 'आपोआप' म्हणायचे. बाहेरगावचा पाहुणा आला की अप्पा त्याला पुणे रस्त्यावर घेऊन जायचे आणि मागून मामांना सांगायचे, "लावा आपोआप." मामा बटण दाबायचे आणि दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातल्यासारखं करायचे. पाहुणा ओरडायचा. मामा म्हणायचे, "घाबरू नगा सायेब. तिला रस्ता ठावा हाय."

सिद्धेश्वराचं एक चित्र गाडीत पुढं लावलेलं होतं. अव्वांना वाटलं, त्याच्यापुढं एक दिवा असावा. गाडी चालू असेपर्यंत जळणारा, लाल, बारीक. त्या काळी ट्रकवाले, रिक्षावाले सगळेच असा दिवा लावून घ्यायचे आणि मी असे कितीतरी लावले होते. मी गाडीत आडवा झालो, डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि टेस्ट लॅम्पनं तारा तपासल्या. टेस्ट लॅम्प म्हणजे दोन तारांना जोडलेला साधा बल्ब. तारेत करंट असला की पेटतो. चावी फिरवल्यावर जी पहिली तार जिवंत मिळाली, तिचं वरचं आवरण सोलून मी दिव्याची तार तिला पिळली आणि वर काळी टेप गुंडाळली. जांभळ्या रंगाची तार होती. ती कशाची, हे बघायला पुस्तक उघडलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

दुसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा दुकानासमोर. अव्वा स्वतः आल्या होत्या.

"अय्यो शिवा!" खिडकीतूनच त्या म्हणाल्या. "ब्रेक दाबला की दिवा जातो रे. दर चौकात देवाला अंधारात बसवतोस काय तू?"

मामा हसत होते. "खरंच हाय मिस्त्री. ब्रेक दाबला, दिवा गेला. पाय काढला, दिवा आला. देव डोळं मिचकावतोय."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती, तीही हसली. अव्वा त्यांना म्हणाल्या, "इंग्रजी पाटी लावली म्हणजे इंग्रजी गाडी येत नाही," आणि मग सगळेच हसले.

त्या क्षणी मी थांबायला हवं होतं. ब्रेक दाबल्यावर एखादी तार मरते, म्हणजे ती तशी मरावी म्हणूनच कुणीतरी आखलेली असते. एवढं मला शिकवलं होतं. पण मला ते हसणं लागलं होतं. मी लाल झालेले कान घेऊन पुन्हा आत शिरलो. चावीच्या स्विचवरून एक नवीन तार ओढली आणि आधीच्याच जोडावर, टेप थोडी उकलून, आणून पिळली. जुना जोड सोडवला नाही. जोडावर जोड द्यायची आमच्या धंद्यात सगळ्यांनाच सवय होती. उकलत बसायचं कोण, असं असायचं. बाहेर येऊन ब्रेक दाबायला सांगितला. दिवा तसाच. पुन्हा दाबायला सांगितला. तसाच.

"आता कसं," अव्वा म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवले.

मी काय केलं होतं ते सोप्या शब्दांत सांगतो. ती जांभळी तार त्या 'आपोआप'ला करंट देणारी होती, आणि वाटेत ब्रेकचा एक स्विच होता. ब्रेक दाबला की तो स्विच करंट तोडणार आणि पकड सुटणार. मी चावीकडून आणलेल्या तारेनं त्या स्विचच्या पलीकडून सतत करंट पुरवला. आता ब्रेक कितीही दाबला तरी गाडीला ते कळणारच नव्हतं. देवापुढचा दिवा विझू नये म्हणून मी गाडीचा कान कापला होता.

पुढं काही महिने काहीच झालं नाही. पेट्रोल महाग झालं होतं आणि ती गाडी पेट्रोल पाण्यासारखी प्यायची. गावातल्या गावात, सोमवारच्या देवळापुरतीच ती निघायची. 'आपोआप' लावायचा प्रसंगच आला नाही. पुण्याच्या रस्त्यावर पाहुण्यांना नेणं अप्पांनी बंद केलं होतं.

मग अव्वा लेकीकडे सांगोल्याला राहायला गेल्या आणि त्यांना आणायला मामा एकटे निघाले. मंगळवेढा सोडल्यावर रस्ता सरळ आहे. मामांनी 'आपोआप' लावलं. पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं तसं लिहितो. सांगोला अजून लांब होतं, तेवढ्यात एका ओढ्याच्या अलीकडे मेंढरं रस्त्यावर आली. दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती, धनगरानं कळप पुन्हा कुठं उभा करत आणला होता. मामांनी ब्रेक दाबला. "गाडी जराशी नमली आन् मागनं कुणी ढकलल्यागत पुन्हा निघाली. म्या दाबतोय, ती ओढतीया. दोन्ही पायांनी उभा राहिलो ब्रेकवर." शेवटी त्यांनी गाडी बाभळीवर घातली. तोवर बरीच मेंढरं गेली होती. मामांचा खांदा मोडला. धनगर आणि त्याच्या बायकोनंच त्यांना बाहेर काढलं.

गाडी ट्रॅक्टरनं ओढून अप्पांच्या गोदामाच्या अंगणात आणली. मला बोलावणं आलं. दुपार होती. पत्रा इतका तापलेला की हात ठेववत नव्हता. अप्पा खुर्ची टाकून बसले होते. मामा हात गळ्यात बांधून भिंतीशी उभे होते. बसायला सांगितलं तरी बसत नव्हते.

अप्पा म्हणाले, "धनगराला काय द्यायचं ते मी देतो, तो प्रश्न नाही. पण हे म्हणतात ब्रेक दाबला तरी गाडी ओढत होती. बाजारात म्हणतायत, पिऊन होते. मी यांना तोंडावर विचारलं. आता तू बघ आणि सांग. यांच्या हातात मी माझी आई देतो. मला खरं कळलं पाहिजे."

मामा म्हणाले, "मीच म्हणलो मालकास्नी, मिस्त्रीला बोलवा. त्यो खोटं बोलायचा न्हाय."

मी आत शिरलो. गाडीचं तोंड चेपलं होतं, पण डॅशबोर्डखालचं सगळं शाबूत होतं. बॅटरी फुटली होती, म्हणून दुसरी आणून जोडली. क्रमानं तपासत गेलो. फ्यूज ठीक. बटण ठीक. मग पकड धरणाऱ्या पेटीच्या तारेला टेस्ट लॅम्प लावला. पेटला. उताणा पडल्या पडल्याच हातानं ब्रेकचं पेडल दाबलं. लॅम्प विझायला हवा होता.

विझला नाही.

मी पेडल सोडलं, दाबलं, सोडलं. बल्ब माझ्या छातीवर जळत होता. स्विचची एक तार काढली, तरी जळत होता. म्हणजे करंट दुसरीकडून येत होता. मी बोटांनी जांभळी तार चाचपत मागं गेलो आणि बोटाला काळ्या टेपची गाठ लागली. फुगलेली, दोनदा गुंडाळलेली. ती माझी होती, हे बघायचीसुद्धा गरज नव्हती.

पेडलापाशी हवेची एक झडपही होती. तारेनं दगा दिला तर तिनं पकड सोडवायची, अशी दुसरी सोय. ती धुळीनं चिकटून बसली होती. कित्येक वर्षं मी स्वतःला ही झडप दाखवत आलो. ती चालू असती तर माझी चूक कुणाला बाधली नसती, असं. पण झडप माझ्या डोळ्यांसमोर त्या दिवशी होती, आणि मी बाहेर येऊन तिचंही नाव घेतलं नाही. तिच्याबद्दल बोललो असतो तर तारेबद्दल बोलावं लागलं असतं.

किती वेळ पडून होतो ते आठवत नाही. अप्पांचे जोडे दिसत होते. मामांच्या चपला दिसत होत्या. माझ्या मनात तेव्हा धनगर नव्हता, मामाही नव्हते. माझी पाटी होती. परदेशी गाडीला हात लावणारा पोरगा, आणि त्यानं देवाच्या दिव्यापायी गाडीचा ब्रेक निकामी केला, हे नव्या पेठेत एका दुकानातून दुसऱ्या दुकानात कसं जाईल, ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. अव्वांच्या त्या एका वाक्यावर माणसं हसली होती, तेवढं मला सहन झालं नव्हतं. हे कसं झालं असतं?

मी खिशातली पक्कड काढली. चावीकडून आणलेली माझी तार दोन्ही टोकांना कापली, देवाच्या दिव्याची तारही जोडापासून तोडली आणि सगळं मुठीत गोळा करून खिशात घातलं. स्विचची काढलेली तार परत लावली. टेस्ट लॅम्प लावला, पेडल दाबलं. विझला.

मग मी बाहेर आलो आणि म्हणालो, "गाडीत दोष नाही, अप्पा."

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ... पण मी थांबलो नाही. अप्पांनी स्वतः बघावं असा मी आग्रह धरला. त्यांना सीटवर बसवलं, टेस्ट लॅम्प वर धरला, आणि म्हणालो, "दाबा." त्यांनी ब्रेक दाबला, दिवा विझला. "सोडा." दिवा आला. "बघा, ब्रेक दाबला की करंट तुटतो. तुटला की गाडी सुटते." शाळेत मास्तर प्रयोग करून दाखवतात तसं. आवाजही माझा स्वच्छ होता. त्याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते, त्या आवाजाची.

मामा पुढं आले. "पर मिस्त्री, त्या धनगराची बाई कळपाच्या मागनं चालत हुती. ती म्हणती, गाडी तिला वलांडून गेली तवा मागचं लाल दिवं लागलं हुतं. म्हंजी ब्रेक दाबल्यालाच हुता की."

बाईनं बरोबर बघितलं होतं. त्या अंगणात त्या क्षणी खरं बोलणारं कुणी असेल तर ती तिथं नसलेली बाई होती.

मी म्हणालो, "मामा, लाल दिवा नुसता पाय टेकला तरी लागतो. दाबायला लागत नाही."

हे खरंच आहे. नुसता पाय टेकला तरी लागतो.

मामांनी खाली बघितलं, स्वतःच्या उजव्या पायाकडं. मग म्हणाले, "तसं आसंल मग."

अप्पांनी विचारलं, "पिऊन होतास काय रे? एकदाच सांग." इतक्या वर्षांत पहिल्यांदा अप्पा त्यांना अरे म्हणाले होते.

"न्हाय मालक. आईच्यान न्हाय." मग माझ्याकडं बघून, "पर माझा पाय चुकला आसंल. ह्यो म्हणतोय तर."

अप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी मामांना गोदामावर राखणीला ठेवतो म्हणून सांगितलं. मामा नको म्हणाले. खांदा जुळायच्या आतच ते गावी गेले. अव्वा मात्र त्यानंतर कधी गाडीत बसल्या नाहीत. सोमवारी रिक्षानं जायच्या, तांब्या न घेता. त्यांनी मला एकदा रस्त्यात अडवून विचारलं, "खरंच दोष नव्हता?" मी म्हणालो, "नव्हता अव्वा." मी दिवा दुसऱ्या, नीट तारेवरून पुन्हा लावून द्यायला तयार होतो, त्यांनी नको म्हणून सांगितलं.

माझं दुकान चाललं. चांगलं चाललं. अप्पांच्या गाडीचा निवाडा केलेला मिस्त्री, म्हणून जरा जास्तच.

तीन-चार वर्षांनी सांगोल्याकडचा एक ट्रकवाला वायरिंगला आला होता. बोलता बोलता मी मामांची चौकशी केली. म्हणजे टाळत टाळत केली.

"त्यो व्हय!" तो म्हणाला. "त्यो आता सायकलीवर बी बसंना. गावात मळणीला ट्रॅक्टर आलाता, म्हणलं मामा जरा बाजूला घ्या, तर लांब जाऊन हुबा राहिला. म्हणतो, माझ्या पायाचा काय भरवसा न्हाय. पोरं लई चेष्टा करत्यात. 'मामा, ब्रेक!' म्हणून वरडत्यात, आन् ह्यो जागच्या जागी दचकतोय."

त्यानं दचकून दाखवलं. दुकानातले हसले. मी हातातलं काम करत राहिलो.

नोकरी गेली हे मला कळत होतं. नाव गेलं हेही. पण मी त्यांचं काय नेलं ते मला त्या दिवशी कळलं. ज्या पायानं अव्वांच्या तांब्यातलं पाणी हलू दिलं नाही, तो पाय बरोबर होता. हे त्यांना माहीत होतं, त्यांच्या दोन्ही पायांना माहीत होतं, आणि माझ्या शब्दावर त्यांनी ते सोडून दिलं होतं. 'त्यो खोटं बोलायचा न्हाय' म्हणून.

त्या उन्हाळ्यात मी एसटीनं त्यांच्या गावी गेलो. मामा गोठ्यात होते. मला बघून एकदम उठले, "मिस्त्री! अगं, हिकडं ये, सोलापूरचं मिस्त्री आल्यात!" मामी बाहेर आल्या. खाट टाकली. मी बसलो आणि आलो त्या तोंडानं म्हणालो, "मामा, गाडीत दोष होता."

ते माझ्यासमोर जमिनीवरच बसले.

"ब्रेक तुम्ही दाबला होता. गाडीनं सोडलं नाही. तारेचा दोष होता. तुमचा पाय चुकला नव्हता."

"मला पुन्यांदा सांग," ते म्हणाले. मी सांगितलं. "हिच्याम्होरं सांग." मामींसमोर सांगितलं. मामींनी पदर तोंडाला लावला. मग मामा उठले, चपला घातल्या, "चल," म्हणाले, आणि मला उन्हातून चालवत ओढ्याकडच्या त्या धनगराच्या वाड्यावर घेऊन गेले. वाटेत जो भेटेल त्याला थांबवायचे. "ऐक की ह्यो काय म्हणतोय. सांग रं मिस्त्री." मी सांगायचो. धनगर म्हातारा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "दोष हुता. बरं. पर त्यो केला कुणी?"

सगळे माझ्याकडं बघत होते. खरं सांगायलाच मी गेलो होतो. सोलापूरपासून तिथंपर्यंत एसटीत दुसरं काही मनात नव्हतं.

"कंपनीचा," मी म्हणालो. "बाहेरून येतानाच तसा आला होता. मला नंतर पुस्तक वाचताना सापडलं."

"आर्र तिच्या! येवढ्या लांबनं आली आन् मेंढरं आमची खाल्ली," धनगर म्हणाला. मामा एवढ्या जोरानं हसले की त्यांना खोकला आला. परतीच्या वाटेवर त्यांनी त्या परदेशी कंपनीच्या मालकाचे सगळे पूर्वज काढले. मी शेजारून चालत होतो.

पुढच्याच हंगामात मामा दुधाच्या टेम्पोवर बसले. पोरांची चेष्टा बंद झाली. दोन वर्षांत थोरल्या लेकीचं लग्न निघालं आणि मला आमंत्रण आलं. मांडवात मानाच्या पाहुण्यांच्या रांगेत मला बसवलं. आमदाराच्या माणसाशेजारी. टॉवेल, टोपी, नारळ. माझ्यासाठी टोपीऐवजी फेटा काढून ठेवला होता. फेटा बांधणारा म्हणाला, "मान सरळ धरा की जरा, पाव्हणं." मग मामांनी माइक घेतला आणि सगळ्या मांडवाला सांगितलं, "ह्या माणसानं माझं नाव धुतलं. इतक्या लांबनं येऊन खरं सांगायला कुणाला गरज हुती?" टाळ्या वाजल्या. माइक माझ्या हातात दिला. "दोन शब्द बोला."

मी वधूवरांना शुभेच्छा दिल्या आणि खाली बसलो.

त्यानंतर मी त्यांच्याकडं जायचं टाळत गेलो. आमंत्रणं येत राहिली, मी कारणं देत राहिलो. मामा अजून आहेत. टेम्पो कधीच सुटला, डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान शाबूत आहेत. गेल्या महिन्यात हे इथवरचं सगळं लिहून मी कागद घेऊन त्यांच्याकडं गेलो. खाटेवर बसलो. मामींनी आल्या आल्या चहा आणून ठेवला. मी म्हणालो, मामा, एक वाचून दाखवायचं आहे. ते म्हणाले, वाच की.

अव्वांचा तांब्या आला तेव्हा ते हसले. दिव्यापाशी आलो तेव्हा त्यांनी पुढं वाकून ऐकायला सुरुवात केली. काळ्या टेपच्या गाठीपाशी त्यांनी हात वर केला.

"म्हंजी ती तार तुज्या हातची."

"व्हय."

"गाडीत पडल्या पडल्याच तुला कळलं हुतं."

"व्हय मामा."

"मालकानं मला इचारलं, पिऊन हुतास का. तवा तू कुटं हुतास?"

"तिथंच. गाडीला टेकून."

"आन् मी म्हणलो, तसं आसंल."

"म्हणालात."

मी राहिलेलं वाचू का विचारलं. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, म्हणून मी वाचलं. लग्नापर्यंत आलो तेव्हा दारातून मामींचा आवाज आला. त्या केव्हापासून तिथं उभ्या होत्या, माहीत नाही.

"मग त्यो फेटा कसा बांधून घेतलासा वो डोस्क्याला?"

मामी पुढं आल्या. चहा वाचायच्या नादात तसाच राहिला होता. त्यांनी कप उचलला, अंगणात गेल्या आणि चहा ओतून दिला.

मामा तोंड दुसरीकडं करून बसले होते. तसेच म्हणाले, "यष्टी कितीला हाय तुजी?"

एसटीला अजून खूप अवकाश होता. मी कागद गोळा केले आणि निघालो.